मोटरहोममागे ओढत नेलेल्या गाडीची बॅटरी का उतरते, आणि ती भरलेली कशी ठेवायची

दिवसभर मोटरहोमच्या मागे चारही चाकांवर ओढत आणलेली गाडी मुक्कामी पोचल्यावर टो बारमधून (दोन गाड्या जोडणाऱ्या दांड्यातून) सोडवायची, किल्ली फिरवायची, आणि सेल्फने नुसतं टकटक करायचं. अमेरिका-कॅनडात आरव्ही (मोटरहोमसारखी राहण्याची सोय असलेली गाडी) घेऊन फिरणाऱ्या अनेकांना हा अनुभव येतो. बरेच जण बॅटरी जुनी झाली असं समजून नवी टाकतात आणि पुढच्या लांबच्या प्रवासात तीही तशीच उतरते. बॅटरीचा यात दोष नसतो. चाकं फिरत असली तरी इंजिन बंद असतं, म्हणजे बॅटरी भरणारा अल्टरनेटरही बंद. दिवसभर थोडी थोडी वीज जात राहते आणि ती परत भरणारं काही नसतं.

भारतातून गेलेल्या माणसाला हा प्रश्नच नवा असतो. आपल्याकडे बंद पडलेली गाडी दोर बांधून गॅरेजपर्यंत ओढतात. अंतर चार-पाच किलोमीटरचं, त्यामुळे बॅटरीचा विचार कोणी करत नाही. तिकडे मात्र धडधाकट गाडी दिवसाला तीनशे-चारशे मैल मोटरहोमच्या मागे जाते, म्हणजे मुक्कामी मोटरहोम उभं करून छोट्या गाडीने हिंडता येतं. अशा ओढत नेलेल्या गाडीला आरव्हीवाले ‘टोड’ म्हणतात. हा लेख चारही चाकं रस्त्यावर ठेवून ओढल्या जाणाऱ्या टोडबद्दल आहे. पूर्ण ट्रेलरवर चढवलेल्या गाडीचं इग्निशन बंदच असतं, तिला हा त्रास नाही.

वीज जाते कुठे

पहिली वाट किल्लीची. बऱ्याच गाड्यांत किल्ली काढली की स्टिअरिंगला कुलूप लागतं. ओढताना पुढची चाकं वळायला हवीत, म्हणून किल्ली एसीसी (अ‍ॅक्सेसरी) स्थितीत, म्हणजे इंजिन बंद पण काही उपकरणं चालू, अशी ठेवावी लागते. त्या स्थितीत रेडिओ, डॅशबोर्डचा काही भाग, चार्जिंगची सॉकेटं आणि कितीतरी छोटे कंट्रोल मॉड्यूल जागे राहतात. गाडीगणिक हा खर्च बदलतो, पण १ ते ४ अँपिअर ही साधारण कक्षा धरायला हरकत नाही. २०१२ ते २०१४ च्या होंडा सीआर-व्ही याच पद्धतीने ओढल्या जात. गिअर एकेक करून फिरवायचे, न्यूट्रलमध्ये इंजिन ३ मिनिटं चालवायचं, मग बंद करून किल्ली एसीसीवर ठेवायची, आणि दिवसात ८ तासांहून जास्त ओढायचं असेल तर हे सगळं पुन्हा करायचं. ही ३ मिनिटं गिअरबॉक्सच्या वंगणासाठी आहेत. तेवढ्यात बॅटरीत एखाद-दोन अँपिअर-तास (एक अँपिअर तासभर वाहिला की एक अँपिअर-तास) परत गेले तर गेले. ‘मध्ये इंजिन चालवलं होतं, म्हणजे बॅटरी भरली असेल’ हा समज इथूनच पसरतो.

दुसरी वाट ब्रेकची. टोडला स्वतःचा पूरक ब्रेक बसवलेला असतो. मोटरहोमने ब्रेक मारला की टोडमधलं यंत्र तिचं ब्रेक पेडल दाबतं. काही यंत्रांत छोटा एअर कॉम्प्रेसर असतो, काहींत व्हॅक्यूम पंप, आणि दोन्ही टोडच्याच बॅटरीवर चालतात. सपाट हायवेवर हा खर्च नगण्य असतो. शहरातल्या गर्दीत किंवा घाटात तो भराभर वाढतो. कोलोरॅडोत आय-७० हायवेवर आयझेनहॉवर बोगद्यापासून डेन्व्हरकडे उतरताना सहा-सात टक्क्यांचे लांब उतार लागतात. तिथे पंप वारंवार चालतो आणि पेडल दाबलं गेलं की टोडचे स्वतःचे ब्रेक लाइटही पेटतात. जुन्या पद्धतीचा ब्रेकचा एक बल्ब सुमारे २ अँपिअर खातो. दोन बाजूंचे दोन आणि वरचा तिसरा धरला तर ब्रेक दाबलेला असेपर्यंत ५-६ अँपिअर जातात. एलईडी दिव्यांना हा खर्च जवळपास नाहीच.

तिसरी वाट इलेक्ट्रिक पॉवर स्टिअरिंगची, आणि ती काही मोजक्याच गाड्यांत आहे. जीप चेरोकीच्या काही वर्षांच्या मॉडेलमध्ये ओढताना पुढची चाकं थरथरण्याची तक्रार आली. त्यावर ओढतानाही पॉवर स्टिअरिंग चालू ठेवणारं वायरिंग कंपनीने दिलं. ते बसवलं की बॅटरीला बाहेरून चार्ज देणं ऐच्छिक राहत नाही, ते करावंच लागतं.

आता हिशेब मांडू. मध्यम आकाराच्या गाडीची बॅटरी ५० अँपिअर-तासांची धरा. किल्ली एसीसीवर असल्याने २.५ अँपिअर आणि ब्रेकयंत्राचा सरासरी १ अँपिअर, म्हणजे एकूण ३.५. सात तासांत २४.५ अँपिअर-तास गेले, म्हणजे अर्धी बॅटरी संपली. उन्हाळ्यात एवढ्यावर गाडी सुरू होईल. पण त्या रात्री जोडणी न सोडता कुठल्या पार्किंगमध्ये मुक्काम केला आणि किल्ली एसीसीवरच राहिली, तर दहा तासांत आणखी २५ गेले. सकाळी बॅटरी पूर्ण रिकामी.

गाडी सुरू न होणं हा यातला लहान त्रास. टोडमध्ये ‘ब्रेकअवे स्विच’ नावाची एक पिन असते. टो बार तुटून गाडी सुटलीच, तर ती पिन ओढली जाऊन टोडचा ब्रेक आपोआप लागतो. विजेवर चालणाऱ्या ब्रेकयंत्रात हे काम टोडच्या बॅटरीच्या जोरावर होतं. बॅटरी उतरलेली असेल तर सुटलेली गाडी थांबवायला काहीच उरत नाही. मोटरहोमकडून टोडच्या बॅटरीला वीज देणारी ‘चार्ज लाइन’ बसवण्याचं खरं कारण हे आहे. सेल्फ न लागणं त्याच्या नंतर येतं.

बॅटरीचंही नुकसान होतं. गाडीची बॅटरी दोन-तीन सेकंद मोठा प्रवाह देण्यासाठी बनलेली असते, तासन् तास हळूहळू रिकामी होण्यासाठी नाही. खोलवर उतरवून तशीच ठेवली की प्लेटांवर सल्फेटचा थर घट्ट बसतो आणि तिची क्षमता कायमची घटते. थंडीत आणखी एक धोका असतो. भरलेली बॅटरी कडाक्याच्या थंडीतही गोठत नाही, पण पाण्याच्या साध्या प्रकारातली रिकामी बॅटरी उणे १० अंश सेल्सिअसच्या आसपासच गोठून फुटू शकते.

आधी मोजा

वायर, चार्जर काहीही विकत घेण्याआधी आपल्या गाडीचा खर्च मोजून पाहा. त्यासाठी डीसी मोजणारा क्लॅम्प मीटर लागतो. बाजारातले बरेच स्वस्त क्लॅम्प मीटर फक्त एसी प्रवाह मोजतात, घेताना ते तपासा. गाडी ओढताना असते त्याच स्थितीत आणा: किल्ली तिथेच, ब्रेकयंत्र चालू, दिवे बंद. दारं लावून घ्या. बॉनेट उघडं राहणारच. त्याच्या कुलपाला सेन्सर असेल तर स्क्रू ड्रायव्हरने ती खटकी दाबून ठेवा, आणि बॉनेट लावण्याआधी ती सोडायला विसरू नका. बटणाने सुरू होणाऱ्या गाडीची चावी दूर नेऊन ठेवा, नाहीतर गाडी तिच्याशी बोलत जागी राहते. वीस-तीस मिनिटं थांबा, म्हणजे झोपणारे मॉड्यूल झोपतील. मग मीटर शून्यावर आणून निगेटिव्ह केबलभोवती लावा. नंतर कोणाला तरी दहा-बारा वेळा ब्रेकयंत्र चालवायला सांगा आणि आकडा कुठपर्यंत चढतो ते बघा.

मल्टिमीटर सर्किटमध्ये जोडूनही मोजता येतं, पण त्यांची मर्यादा बहुधा १० अँपिअर असते. ब्रेकचा कॉम्प्रेसर सुरू होताना तेवढ्याने मीटरचा फ्यूज उडू शकतो.

आकडा अर्ध्या अँपिअरच्या आत असेल आणि तुम्ही दिवसाला पाच-सहा तासच ओढत असाल, तर चार्ज लाइनशिवायही भागतं. एक-दोन अँपिअरच्या पुढे असेल तर दोन रस्ते आहेत: खर्च तोडा, किंवा भरपाई करा.

खर्च तोडणं

गाडीच्या मॅन्युअलमध्ये ‘रिक्रिएशनल टोइंग’ असं प्रकरण असतं. तुमच्या वर्षाच्या, तुमच्या गिअरबॉक्सच्या गाडीसाठी तिथे जे लिहिलंय तेच प्रमाण माना. शेजाऱ्याच्या त्याच नावाच्या, पण दोन वर्षं जुन्या गाडीचा नियम तुम्हाला लागू होईलच असं नाही. सीआर-व्हीत २०१५ साली सीव्हीटी (ठरावीक गिअर नसलेला ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) आलं आणि तोवर ओढता येणारी ही गाडी तशी ओढणं बंद झालं.

मॅन्युअलमध्ये साधारण तीन प्रकारच्या सूचना सापडतात. काही शेवरोले गाड्यांत ठरावीक फ्यूज काढायला सांगतात. रोज वाकून फ्यूज काढण्या-घालण्याने त्याच्या सॉकेटची पाती सैल होतात, म्हणून त्या जागी स्विच बसवण्याचे तयार संच मिळतात आणि ते घेण्यासारखे आहेत. जीप ग्रँड चेरोकीच्या काही वर्षांत बॅटरीची निगेटिव्ह केबल सोडायला सांगतात. जीप रँग्लरमध्ये ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटून देणारी पेटी) न्यूट्रलला टाकून इग्निशन बंदच ठेवता येतं, त्यामुळे तिथे ब्रेकयंत्राचाच काय तो खर्च.

निगेटिव्ह केबल सोडली की एक नवा पेच पडतो. ब्रेकयंत्राची वीज गाडीच्या सॉकेटमधून घेतलेली असेल तर तेही बंद पडतं, आणि ब्रेकअवेही. अशा गाडीत ब्रेकयंत्राच्या दोन्ही वायरी थेट बॅटरीच्या दोन टोकांवर, फ्यूजसह, जोडाव्या लागतात. पुढे चार्ज लाइन बसवली तर तिची निगेटिव्हही बॅटरीच्या टोकावरच यायला हवी. कारण केबल सुटलेली असताना गाडीच्या सांगाड्याला दिलेली निगेटिव्ह बॅटरीपर्यंत पोचतच नाही.

ज्या गाडीत केबल सोडावी लागत नाही, तिथे नियम नेमका उलटा. हल्लीच्या बऱ्याच गाड्यांत निगेटिव्ह टोकावर बॅटरी-सेन्सर असतो. तो आत-बाहेर जाणारी वीज मोजून अल्टरनेटरला सूचना देतो. चार्जरची निगेटिव्ह थेट टोकावर लावली तर बाहेरून आलेली वीज सेन्सरला दिसतच नाही आणि त्याचा हिशेब चुकतो. तिथे निगेटिव्ह सांगाड्याला, कारखान्याने दिलेल्या अर्थिंगच्या बोल्टवर लावा.

भरपाई: एक वायर, पण नीट विचार करून टाकलेली

सगळ्यात साधा उपाय म्हणजे मोटरहोमकडून टोडच्या बॅटरीपर्यंत एक पॉझिटिव्ह वायर. मोटरहोमच्या मागे ७ पिनांचं ट्रेलर सॉकेट असतं, त्यातली एक पिन १२ व्होल्ट चार्जची. टोडच्या पुढे बहुधा ६ पिनांचं गोल सॉकेट, आणि दोहोंच्या मध्ये गुंडाळीची केबल. तिन्ही ठिकाणी ही लाइन असेल असं गृहीत धरू नका. कित्येक मोटरहोममध्ये ती पिन कारखान्यातूनच मोकळी सोडलेली असते. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? गुंडाळीच्या स्वस्त केबलमध्येही फक्त चार वायरी असतात: दोन इंडिकेटर-ब्रेकच्या, एक टेल लाइटची, एक अर्थिंगची. चार्जची पाचवी वायर त्यात नसतेच.

पिन शोधताना वायरच्या रंगावर विसंबू नका. आरव्हीत ती बहुधा काळी असते, पण मधल्या मालकाने काय केलंय हे तुम्हाला माहीत नसतं. मल्टिमीटरची एक तार सॉकेटच्या अर्थिंगला आणि दुसरी एकेका पिनेला लावा, आधी इंजिन बंद ठेवून, मग चालू करून. ब्रेक दाबल्यावरच जिवंत होणारी निळ्या वायरची पिन ट्रेलरच्या इलेक्ट्रिक ब्रेकची असते, ती ही नव्हे. इंजिन चालू असताना १३.५ ते १४.४ आणि बंद असताना शून्य दाखवणारी पिन मिळाली तर काम सोपं झालं. इंजिन बंद असतानाही १२.६ दाखवत असेल तर ती कुठल्यातरी बॅटरीला थेट जोडलेली आहे. मग मुक्कामात टोडची आणि मोटरहोमची बॅटरी एकमेकींतून वीज घेत बसतात. मोटरहोमच्या घरगुती वापराच्या बॅटरीला ती जोडलेली असेल तर रात्रभर चाललेला पंखा आणि फ्रीज टोडची बॅटरीही रिकामी करतील. घरगुती बॅटरी लिथियमची असेल तर उलट होतं. तिचं विश्रांतीतलं व्होल्टेजच १३.२-१३.३ असतं, त्यामुळे ती उभ्या उभ्या टोडमध्ये वीज ओतत राहते.

म्हणून मध्ये रिले, म्हणजे विजेने चालणारा स्विच, हवा. साधा ४० अँपिअरचा गाडीचा रिले पुरतो: ३० क्रमांकाला चॅसी बॅटरीकडून (मोटरहोमचं इंजिन सुरू करणाऱ्या बॅटरीकडून) फ्यूजमधून आलेली वायर, ८७ ला ७ पिनांच्या सॉकेटकडे जाणारी, ८६ ला इग्निशनची, ८५ ला अर्थिंग. इग्निशनची वायर निवडताना सेल्फ मारताना बंद होणारी निवडा. नाहीतर मोटरहोमचं मोठं इंजिन सुरू करताना त्याच्या बॅटरीचं व्होल्टेज १० वर येतं आणि टोडची बॅटरी बारीक वायरीतून उलटा प्रवाह ढकलू लागते. वीस-पंचवीस अँपिअर सहज जातात आणि फ्यूज उडतो. दर वेळी इंजिन सुरू केल्यावरच फ्यूज उडत असेल तर कारण हेच. व्होल्टेज ओळखणारा रिलेही चालतो. तो साधारण १३.३ ला जोडतो आणि १२.८ ला तोडतो, त्याला इग्निशनची वायर लागत नाही.

पूर्वी रिलेऐवजी डायोड लावत. तो वीज एकाच दिशेने जाऊ देतो हे खरं, पण त्याबदल्यात अर्धा-पाऊण व्होल्ट खातो. आधीच लांब असलेल्या लाइनवर हे परवडत नाही.

वायर किती जाड हवी, या प्रश्नावर बरेच जण अडतात. बागेतली लांब नळी आठवा. टोकाला तोटी बंद असेल तर टाकीचा पूर्ण दाब तिथेही मिळतो. तोटी उघडली, पाणी वाहू लागलं की दाब कमी होतो, आणि नळी जितकी बारीक-लांब तितका जास्त. वायरीतही तसंच. अल्टरनेटर पुढे असलेल्या ३० फुटी मोटरहोममध्ये चॅसी बॅटरीपासून मागचं सॉकेट, गुंडाळीची केबल आणि टोडची बॅटरी असं एका बाजूचं अंतर ४५ फूट धरा. १२ गेज तांब्याची वायर (गेजचा आकडा जितका लहान तितकी वायर जाड) दर हजार फुटांना सुमारे १.६ ओहम रोध देते. ४५ फुटांत १० अँपिअर वाहताना जवळपास ०.७ व्होल्ट गेले. १४ गेजमध्ये १.१ जातील, १० गेजमध्ये ०.४५. अर्थिंगच्या परतीच्या वाटेवर आणि सॉकेटच्या पिनांवर आणखी ०.२-०.३. म्हणजे १४.२ व्होल्टने निघालेली वीज १२ गेजमधून १३.२ वर पोचते.

पण तुमचा खर्च ३ अँपिअर असेल आणि बॅटरी भरलेली असेल, तर वायरीत ३ च अँपिअर वाहतात आणि नुकसान पाव व्होल्टच्या आसपास राहतं. टोडला १३.९ च्या आसपास मिळतात, आणि तेवढे पुरेसे आहेत. चार्ज लाइनचं काम जाईल तेवढं परत देण्याचं आहे. रिकामी बॅटरी भरून काढणं हे तिचं काम नव्हे. सकाळी भरलेल्या बॅटरीने निघालात तर साधी १२ गेजची वायर दिवस निभावते. उतरलेली बॅटरी घेऊन निघालात आणि ‘वाटेत भरेल’ अशी आशा धरलीत, तर तीच वायर अपुरी पडते.

फार जाड वायरचीही एक अडचण आहे. १० गेजमध्ये एकूण रोध इतका कमी होतो की उतरलेली बॅटरी जोडल्याबरोबर वीस अँपिअरच्या पुढे प्रवाह जातो, आणि गुंडाळीच्या केबलमधल्या बारीक वायरी व पिना तापतात. मोटरहोमच्या लांबीपुरती १० गेज टाका, पण टोडच्या बाजूला १५ अँपिअरचा ब्रेकर (जास्त प्रवाह गेला की लाइन तोडणारा स्विच) ठेवून प्रवाहाला तिथे मर्यादा घाला.

चार्जर कधी घ्यावा

मोटरहोम मर्सिडीज स्प्रिंटर किंवा फोर्ड ट्रान्झिटच्या चॅसीवरचं असेल, तर ‘स्मार्ट’ अल्टरनेटर असण्याची शक्यता मोठी. इंधन वाचवायला तो चालत्या गाडीत मधूनच व्होल्टेज १२.७-१३ पर्यंत खाली आणतो. अशा वेळी साध्या वायरीतून टोडच्या वाट्याला काही येत नाही. इथे डीसी-टू-डीसी चार्जर लागतो. तो आत आलेले १२ व्होल्ट वाढवून बाहेर १४.४ देतो, आणि बॅटरी भरली की १३.५ च्या आसपास खाली येतो. टोडची बॅटरी एजीएम, म्हणजे आम्ल काचतंतूंच्या चटईत शोषलेल्या बंद प्रकारातली असेल (स्टार्ट-स्टॉप गाड्यांत बहुधा असतेच) तर त्या प्रकारासाठीची चार्जिंगची पायरी निवडण्याची सोयही यात असते.

मोठा चार्जर घेण्याचा मोह आवरा. १० अँपिअर पुरतात. १४.४ व्होल्टला १० अँपिअर म्हणजे १४४ वॉट. आत १२.५ व्होल्ट येत असतील आणि थोडी वीज उष्णतेत जात असेल तर लाइनमधून १३ अँपिअर ओढले जातात. व्होल्टेज जितकं पडेल तितके जास्त अँपिअर तो ओढतो, त्याने ते आणखी पडतं, आणि शेवटी चार्जर बंद-चालू होत राहतो. १८ किंवा ३० अँपिअरचे चार्जर साध्या ७ पिनांच्या लाइनवर असे धापा टाकताना दिसतात. चार्जर टोडच्या बॅटरीजवळ, पण एक्झॉस्टपासून दूर बसवा, आणि त्याला मिळणारी लाइन इंजिन बंद झाल्यावर मेली पाहिजे.

टोड-चार्ज, आरव्हीआयचा टोड बॅटरी चार्जर यांसारखी याच कामासाठी बनवलेली छोटी यंत्रंही मिळतात. त्यांचं मुख्य काम प्रवाहाला मर्यादा घालणं आणि वीज उलट जाऊ न देणं. रिले-ब्रेकरची जुळवाजुळव करायची नसेल तर ही निवड चांगली. काही कायमस्वरूपी ब्रेक-संचांत चार्जिंगची सोय आधीपासून असते, म्हणून वेगळं काही घेण्याआधी आपल्या संचाचं माहितीपत्रक वाचा. एकावर एक दोन चार्ज लाइनी नकोत.

बसवताना

सामान असं: पुरेशी लांब १० किंवा १२ गेज तांब्याची बहुतारी वायर, दोन ब्रेकर किंवा फ्यूज, रिले, सहा वायरींची ७-ते-६ गुंडाळी केबल, टोडचं ६ पिनांचं सॉकेट, थिंबलं (वायरच्या टोकाला चेपून बसवायच्या धातूच्या टोप्या), आत गोंद असलेल्या हीट श्रिंक नळ्या, वायरवरचं प्लास्टिकचं पन्हळी वेष्टण आणि पिनांसाठी डायइलेक्ट्रिक ग्रीस.

फ्यूज दोन्ही टोकांना हवेत. साध्या लाइनला एकच बॅटरी असते आणि एकच फ्यूज पुरतो. या लाइनच्या दोन्ही टोकांना बॅटरी आहे. मध्ये कुठे वायर घासून सांगाड्याला टेकली तर दोन्हीकडून आग लावण्याइतका प्रवाह येईल. मोटरहोमच्या बाजूला २० अँपिअर, टोडच्या बाजूला १५, दोन्ही आपापल्या बॅटरीपासून वीतभर अंतरात. टोडमध्ये आपोआप पूर्ववत होणारा ब्रेकर सोयीचा, कारण क्षणिक उसळीनंतर तो स्वतःच पुन्हा जोडतो आणि तुम्हाला बॉनेट उघडावं लागत नाही.

काम सुरू करताना बॅटरीची निगेटिव्ह आधी सोडा, जोडताना ती शेवटी लावा. टोडमध्ये वायर नेताना रेडिएटरचा पंखा, पट्टे आणि एक्झॉस्टपासून लांब ठेवा, पत्र्यातून जाईल तिथे रबरी ग्रोमेट घाला. थिंबल पकडीने चेपून बसवा, नुसतं पिळून टेप गुंडाळलेलं जोडकाम रस्त्याच्या पाण्यात एक हंगामही टिकत नाही.

अर्थिंगसाठी टो बारवर अवलंबून राहू नका. त्याच्या पिना आणि सांध्यांत ग्रीस, रंग आणि गंज असतो, संपर्क कधी असतो कधी नसतो. केबलमधली अर्थिंगची वायर चार्जच्या वायरइतकीच जाड हवी. एरवी तिच्यातून फक्त दिव्यांचा प्रवाह जातो, म्हणून स्वस्त केबलमध्ये ती बारीक देतात. वळणाचा दिवा लावला की टोडचे सगळेच दिवे मंद लुकलुकत असतील, तर अर्थिंग कमकुवत आहे.

झाल्यावर तपासा

सगळं जोडून मोटरहोमचं इंजिन चालू करा, टोड ओढण्याच्या स्थितीत ठेवा आणि टोडच्या बॅटरीवर मीटर लावा. १३.२ ते १४.४ दिसलं तर लाइन चालते. पण एवढ्यावर थांबू नका, टोडचे हेडलाइट लावून पुन्हा बघा. सुमारे १० अँपिअरचं ओझं आल्यावरही आकडा १३ च्या वर टिकला तर जोडणी भक्कम आहे. ओझ्याशिवाय १३.८ आणि ओझ्यासह १२.४ दिसत असेल, तर वाटेत कुठेतरी वीज अडते आहे.

शोधायचं कसं? मागून पुढे या. हेडलाइट तसेच चालू ठेवून मीटरची एक तार टोडच्या बॅटरीच्या पॉझिटिव्हवर आणि दुसरी ब्रेकरच्या पलीकडे, मग ६ पिनांच्या सॉकेटच्या मागे, मग ७ पिनांच्या मागे लावत जा. जिथे आकडा एकदम वाढतो, तिथे दोष आहे. अर्थिंगसाठी टोडच्या सांगाड्यापासून मोटरहोमच्या सांगाड्यापर्यंत तसंच मोजा. ०.२-०.३ व्होल्टहून जास्त दिसलं तर ती बाजू सुधारा. सर्वांत जास्त वेळा दोष सापडतो तो सॉकेटच्या पिनांवर, हिरव्या-पांढऱ्या गंजाच्या रूपात. रस्त्यावरचं मीठ आणि पाणी तिथे साचतं. पिना बारीक ब्रशने घासा, ग्रीस लावा, आणि केबल न वापरताना सॉकेटचं झाकण लावलेलं ठेवा.

रस्त्यावर लक्ष ठेवायला टोडच्या बॅटरीवर छोटा ब्लूटूथ मॉनिटर बसवावा. इंधन भरायला थांबलात की फोनवर आकडा दिसतो. इंजिन चालू असताना तो १३ च्या वर हवा. लाइन नसेल किंवा बंद असेल तेव्हा विश्रांतीतल्या बॅटरीचे आकडे असे वाचा: १२.६-१२.७ म्हणजे भरलेली, १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे निम्मी, १२.० म्हणजे चतकोर. ओझं चालू असताना आकडा थोडा कमीच दिसतो, घाबरून जाऊ नका. १२.२ च्या खाली गेलं की मात्र थांबून टोडचं इंजिन सुरू करा. पंधरा मिनिटांत, ३० अँपिअर मिळाले असं मानलं तरी, साडेसात अँपिअर-तासच परत येतात.

रात्रीच्या मुक्कामाचा नियम सोपा आहे: गाड्या जोडलेल्या असोत की नसोत, टोडची किल्ली बंद करा. उभी असताना स्टिअरिंगला कुलूप लागलं तर काही बिघडत नाही. सकाळी निघण्यापूर्वी मात्र ती पुन्हा एसीसीवर आणणं राहून गेलं तर कुलूप लागलेल्या चाकांनी गाडी ओढली जाईल आणि टायर व सस्पेन्शन दोन्ही जातील. म्हणून मोटरहोमच्या स्टिअरिंगला रात्री एक रंगीत फीत बांधून ठेवा आणि टोडची किल्ली फिरवल्यावरच ती सोडा. काही गाड्यांत गिअर पार्कमध्ये नसताना किल्ली पूर्ण बंदच होत नाही. तिथे हँडब्रेक लावून, गिअर पार्कमध्ये टाकून किल्ली काढा आणि सकाळी मॅन्युअलमधली पूर्ण कृती पुन्हा करा.

सोलर पॅनेलबद्दल बरेच जण विचारतात. २० वॉटचं पॅनेल भर उन्हात एक अँपिअरच्या जरा वर देतं, काचेमागे डॅशबोर्डवर ठेवलं तर त्याहून बरंच कमी. महिनाभर उभ्या असलेल्या गाडीची बॅटरी राखायला ते छान आहे. ३.५ अँपिअर खाणाऱ्या चालत्या टोडला ते पुरत नाही, आणि पावसात, बोगद्यात, संध्याकाळी तर नाहीच.

लिथियमचा छोटा जंप स्टार्टर जवळ असू द्या, पण तो मोटरहोममध्ये ठेवा. टोडमध्ये ठेवला आणि तिची बॅटरी पूर्ण उतरली, तर फक्त रिमोटने उघडणाऱ्या डिकीत तो अडकून पडतो. बटणाच्या गिअरची गाडी असेल तर एक गोष्ट आधीच पाहून ठेवा: बॅटरी मेल्यावर गिअर न्यूट्रलमधून हलवायला आणि इलेक्ट्रिक हँडब्रेक सोडायलाही वीज लागते. अशा गाडीत बॉनेटखाली जंपचं पॉझिटिव्ह टोक कुठे आहे, बॉनेट हाताने कसं उघडतं आणि दाराची गुप्त किल्ली रिमोटमध्ये कुठे लपवलेली असते, हे अंगणात, दिवसाउजेडी एकदा करून बघा.